मनाली ते खार्दुंग ला सायकलने: पाच महिन्यांत शरीर कसं तयार कराल?

दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईतून, नाशिक-कोल्हापूरहून सायकलस्वारांचे गट मनालीला पोहोचतात आणि तिथून लेहमार्गे खार्दुंग लाचा घाट चढतात. निघण्याआधी फोन करणारे बहुतेक जण सायकलीबद्दलच विचारतात. कोणती घ्यावी, टायर किती रुंद असावेत, सामान पॅनिअरमध्ये (सायकलच्या बाजूंना लटकवायच्या पिशव्यांत) न्यावं की बॅकअप गाडी घ्यावी? या प्रश्नांची उत्तरं पाच मिनिटांत देता येतात. शरीराच्या तयारीला मात्र पाच महिने लागतात, आणि तिच्याबद्दल फार थोडे जण विचारतात. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

नोकरी-धंदा सांभाळून सायकल चालवणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. रविवारी सपाटीवर ५०-६० किलोमीटर आरामात होतात, एखाद-दुसरा घाट मारून झालाय, पण हिमालयात सायकल कधी नेलेली नाही, असा माणूस मी डोळ्यांसमोर धरला आहे. माझं म्हणणं साधं आहे. या राईडला वेगवान पाय लागत नाहीत. तासन्‌तास सावकाश चढत राहण्याची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तेच पुन्हा करण्याची ताकद लागते. ही ताकद सह्याद्रीत कमावता येते. विरळ हवेची सवय मात्र इथे मिळत नाही, ती तिथे जाऊन दिवस देऊनच होते. या दोन्ही गोष्टी एकच आहेत असं धरून चालणारे लोक मधेच अडकतात.

१. आधी वाट नीट समजून घ्या

मनाली सुमारे २,०५० मीटर उंचीवर आहे आणि लेह ३,५०० वर. आकडे बघून वाटतं, दीडच हजार मीटर तर चढायचे आहेत. पण मधे एकापाठोपाठ एक खिंडी आहेत (नावातला ‘ला’ म्हणजे खिंड). जुन्या रस्त्याने गेलात तर रोहतांग ३,९७८ मीटर. पुढे बारालाचा ला सुमारे ४,८९०, मग गाटा लूप्सची २१ वळणं आणि नकी ला, त्यानंतर ५,००० च्या वरचा लाचुंग ला, आणि शेवटी ५,३०० च्या आसपासचा टांगलांग ला. प्रत्येक खिंड चढायची, बरंच खाली यायचं आणि पुन्हा चढायचं. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला, तेव्हापासून रस्ता ४६ किलोमीटरने कमी झाला आहे. तरी मनाली ते लेह सव्वाचारशे किलोमीटरच्या वर भरतं.

खार्दुंग ला हा लेहच्या डोक्यावरचा घाट. वरच्या फलकावर बरीच वर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं, प्रत्यक्ष मोजमापात तो सुमारे ५,३५९ मीटर म्हणजे १७,५८२ फूट भरतो. लेहपासून ३९-४० किलोमीटरचा सलग चढ आणि १,८५० मीटरची चढाई. सरासरी चढ पाच टक्क्यांच्या आत आहे, म्हणजे सिंहगडापेक्षा सौम्य. अडचण लांबीची आणि हवेची आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर येतो.

२. पहिली खेप डॉक्टरांकडे

व्यायाम सुरू करण्याआधी तपासण्या करून घ्या, तिकिटं काढल्यावर नव्हे. रक्तदाब, साखर, ईसीजी आणि चाळिशी ओलांडली असेल किंवा घरात हृदयविकार असेल तर ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट. दमा, फिट येणं, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर तो लपवू नका.

रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, पाहायला सांगा. उंचीवर शरीर जास्त तांबड्या पेशी बनवायला लागतं आणि त्यासाठी लोहाचा साठा लागतो. तो कमी असेल तर भरून यायला महिने जातात, म्हणून ही तपासणी पाच महिने आधी हवी. स्त्रियांनी तर ती अजिबात चुकवू नये, कारण हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही साठा रिकामा असू शकतो. गोळ्या मात्र मनाने सुरू करू नका.

याच भेटीत ॲसिटाझोलामाइडबद्दल, म्हणजे सगळे जिला डायमॉक्स म्हणतात त्या गोळीबद्दल विचारून घ्या. घ्यावी का, किती आणि कधीपासून, हे डॉक्टरच ठरवतील. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. या गोळीने लघवी वाढते आणि बोटांना मुंग्या येतात, त्याने घाबरून जाऊ नका. घ्यायची ठरली तर एक-दोन दिवस घरीच घेऊन पाहता येईल का, हेही विचारा.

३. आज आपण कुठे आहोत ते मोजा

सपाटीवरचा सरासरी वेग इथे काही सांगत नाही. तुम्हाला हवा तो आकडा म्हणजे तासाला किती मीटर उंची चढता. सिंहगडाचा रस्ता यासाठी उत्तम. पायथ्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत साधारण ९ किलोमीटर आणि ६०० मीटरच्या आसपास चढाई. ८० मिनिटांत वर पोहोचलात तर तुमचा वेग तासाला ४५० मीटर झाला.

एक अट आहे. हा वेग बोलता बोलता यायला हवा. चढताना शेजारच्या सायकलस्वाराला एक आख्खं वाक्य न थांबता सांगता आलं पाहिजे. तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर तो तुमचा दिवसभराचा वेग नाही. जीव तोडून ५५ मिनिटांत गड चढणारे बरेच भेटतात. खार्दुंग लाच्या वाटेवर ५५ मिनिटांनी लेह शहर नुकतंच मागे पडलेलं असतं.

आता हिशेब मांडू. ५,००० मीटरच्या आसपास शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता साधारण एक तृतीयांशाने, कित्येकांची त्याहूनही जास्त घटते. इथला ४५० चा वेग वरच्या टप्प्यात २८० वर येईल असं धरा. १,८५० मीटरला २८० ने भागलं तर साडेसहा तास होतात, थांबे वेगळे. खालच्या टप्प्यात थोडा वेळ वाचेल, वरच्या खराब रस्त्यावर तो पुन्हा जाईल. म्हणून माझी कसोटी अशी: निघण्याच्या महिनाभर आधी बोलण्याच्या वेगाने तासाला ४५० मीटर जमावेत, आणि ते तीन तास टिकावेत. ३५० जमत असतील तरी जाता येतं, फक्त दिवसाचे टप्पे लहान ठेवा आणि बॅकअप गाडी घ्या.

वजनाचाही हिशेब करा. तुम्ही ७० किलोचे आणि सायकल-सामान १५ किलोचं असेल, तर एकूण ८५ किलो वर न्यायचे आहेत. त्यातले ५ किलो कमी झाले तर त्याच ताकदीत चढ साधारण सहा टक्के लवकर संपतो, म्हणजे सहा तासांत वीस-एकवीस मिनिटं. ते पाच किलो पोटावरून गेले तर उत्तम, पण शेवटच्या महिन्यात उपाशी राहून नव्हे. अशक्त होऊन मनालीला पोहोचणं वजन घेऊन पोहोचण्यापेक्षा वाईट.

४. पहिले आठ आठवडे: सावकाश आणि नियमित

आठवड्यातून चार दिवस सायकल. दोन दिवस कामाआधी तास-दीड तास, शनिवारी थोडं जास्त, रविवारी लांब. रविवारची राईड अडीच तासांपासून सुरू करून पाच तासांपर्यंत न्या. सगळं त्याच बोलण्याच्या वेगाने. हार्ट रेट मॉनिटर असेल तर तो बहुतेकांना कमाल ठोक्यांच्या साधारण ६५ ते ७५ टक्क्यांत दिसेल. नसेल तर तोंडाने बोलून पाहणं पुरेसं आहे.

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो आणि लोक इथेच घाई करतात. ग्रुप राईडला गेलं की कुणीतरी पुढे निघतो, मग सगळेच ओढतात. स्ट्राव्हा ॲपवरचे सेगमेंट, म्हणजे वेळेची चुरस लागते ते रस्त्याचे तुकडे, वेगळी ओढ लावतात. सगळ्याच राईड जोरात झाल्या की शरीर थकत राहतं आणि तासन्‌तास चालवण्याची क्षमता तिथेच अडकते. आठवड्यात एकच दिवस जोर काढा, तोही सहाव्या आठवड्यानंतर. दहा-दहा मिनिटांचे तीन चढ, दम लागेल पण ताबा सुटणार नाही इतक्या जोराने, आणि मधे पाच मिनिटं हलकं पॅडलिंग.

तीन आठवडे वाढवत न्या आणि चौथ्या आठवड्यात निम्म्यावर या. हा चौथा आठवडा आळसाचा समजू नका. पाय घडतात ते याच दिवसांत. सकाळी उठल्यावरची नाडी मोजायची सवय लावा. ती नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त असेल, झोप नीट होत नसेल, तर त्या दिवशी सायकल भिंतीलाच टेकलेली राहू दे.

बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पूर्ण करण्याच्या राईड, करणाऱ्यांसाठी दोन शब्द. साडेतेरा तासांत २०० किलोमीटर पूर्ण करणाऱ्याचा पाया पक्का असतो, यात शंका नाही. पण बहुतेक बीआरएम महामार्गावर होतात. तुमची सीट आणि मन तयार आहे, चढाचे स्नायू तयार असतीलच असं नाही. पुढचा टप्पा तुम्हीही गाळू नका.

५. नववा ते सोळावा आठवडा: घाट

पुणेकरांना बोपदेव, दिवे, कात्रजचा जुना घाट आणि सिंहगड दाराशीच आहेत. वाई ते पाचगणीचा पसरणी घाट सौम्य चढाची लय शिकायला फार चांगला. नाशिक आणि ठाण्याकडच्यांना कसारा, कोल्हापूरकरांना गगनबावड्याचे करूळ आणि भुईबावडा, सिंधुदुर्गात आंबोली, गोव्यातल्यांना चोर्ला. विदर्भात परतवाड्याहून चिखलदऱ्याचा रस्ता आहे, मराठवाड्यात म्हैसमाळ. आसपास घाटच नसेल तर उड्डाणपुलावर फेऱ्या, घरी ट्रेनर (सायकल बसवून जागच्या जागी चालवायचा स्टँड) आणि जिने. जिने चढण्याला कमी लेखू नका.

हिमालयाच्या सगळ्यात जवळ जाणारा आपला घाट माझ्या मते आंबेनळी. पोलादपूर ते महाबळेश्वर सुमारे ४० किलोमीटर, जवळपास समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरपर्यंत. लांबी थेट खार्दुंग लाएवढी. पाच तास सीटवर बसून चढल्यावर मान, तळहात, कंबर काय म्हणतात, कोणत्या तासाला भूक लागते, चौथ्या तासाला डोक्यात कोणते विचार येतात, हे सगळं हा घाट दाखवतो.

चढताना बसून चढा. हात हँडलच्या वरच्या भागावर सैल, कोपरं किंचित वाकलेली, खांदे कानांपासून लांब. पायांची गती मिनिटाला ६० ते ७५. दर दहा मिनिटांनी एक गिअर जड करून वीस-तीस पॅडल उभं राहून मारा, म्हणजे बैठकीला आणि कमरेला सुटका मिळते, मग पुन्हा बसा. नजर वळणावरच्या माथ्याकडे न ठेवता पुढच्या वीस मीटरवर ठेवा. श्वास पोटातून, सोडताना पूर्ण सोडा. हीच लय पुढे विरळ हवेत उपयोगी पडते.

महिन्याचा विचार आधीच करून ठेवा. जूनमध्ये जाणार असाल तर जानेवारी ते मे हा सरावाला उत्तम काळ, फक्त एप्रिलपासून पहाटे पाचला घाटाच्या पायथ्याशी असा. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरला जाणार असाल तर आंबेनळी आणि लांबच्या राईड पावसाआधी उरका. जुलैत या घाटांत दरडी येतात, धुकं दाटतं आणि शेवाळलेल्या रस्त्यावर उतरताना चाक घसरतं. पावसाळ्यात ट्रेनर, जिम आणि उघडीप मिळेल तेव्हा जवळचे छोटे घाट.

६. सलग दिवस: हे मात्र चुकवू नका

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर निदान हा भाग वाचा. एक दिवस खूप चालवणं आणि दहा दिवस रोज चालवणं यांत फार फरक आहे. पहिल्या दिवशी कुणाचेही पाय चालतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना त्वचा हुळहुळते, मांड्या जड असतात, खायची इच्छा नसते. अशा अवस्थेत पहिली चाळीस मिनिटं कशी काढायची, हे शिकायला लागतं. ती काढली की पाय पुन्हा मोकळे होतात, हा अनुभव एकदा घेतलेला असला की लेहच्या वाटेतल्या उंच मोरे मैदानावरच्या सकाळी धीर सुटत नाही.

बाराव्या आठवड्यापासून शनिवार-रविवार जोडून चालवा. शनिवारी घाटासह चार तास, रविवारी तेवढंच किंवा थोडं जास्त. दोन्ही दिवस वेग तोच राहिला पाहिजे. रविवारी तोच घाट चढायला दहा टक्क्यांहून जास्त वेळ लागला, तर शनिवारी तुम्ही जास्त जोरात गेलात किंवा कमी खाल्लंत.

निघण्याच्या चार-पाच आठवडे आधी तीन दिवसांची एक राईड करा. पुण्याहून जमणारा आराखडा असा: पहिल्या दिवशी कात्रज, खंबाटकी, पसरणी करत महाबळेश्वर, साधारण १२० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी आंबेनळी उतरून पोलादपूर आणि तोच घाट परत वर. तिसऱ्या दिवशी पुणे. जे सामान हिमालयात नेणार, तेच सायकलवर लादून जा. मुक्कामी पोहोचल्यावर अर्ध्या तासात काहीतरी खा, पाय वर करून पडा, शॉर्ट धुऊन वाळत घाला आणि दहाच्या आत झोपा. तिसऱ्या दिवशी खंबाटकी उतरून पुण्याकडे येताना गप्पा मारत असाल, तर तुमचे पाय तयार आहेत.

७. आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम

स्क्वॉट, लंज, पायरीवर चढ-उतार, ब्रिज (पाठीवर झोपून कंबर वर उचलणं) आणि प्लँक. तीस-चाळीस मिनिटं पुरतात. वजन हळूहळू वाढवा. तळहात आणि मानेकडे दुर्लक्ष होतं, म्हणून पुशअप आणि पाठीचे व्यायाम घाला. खडबडीत उतारावर तासभर ब्रेक दाबून बोटं आणि मनगटं सर्वांत आधी शरण जातात. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला सतत दुखत असेल तर व्यायाम वाढवण्याआधी सीटची उंची तपासा, बहुतेकदा ती कमी ठेवलेली असते.

८. गिअर शरीराला साजेसे हवेत

फिटनेसच्या लेखात गिअर कशाला, असं वाटेल. वर खार्दुंग लाच्या चढावर तुमचा वेग तासाला सहा किलोमीटरच्या आसपास राहणार आहे. पुढे ३४ आणि मागे ३४ दाते असतील तर या वेगाला पाय मिनिटाला पन्नासच्याही खाली फिरतात आणि गुडघ्यांवर नको तेवढा भार येतो. पुढे ३० आणि मागे ३६ असतील तर तीच गती सत्तावन्नच्या आसपास येते. म्हणून पुढच्यापेक्षा मागचे दाते जास्त असलेला एक तरी गिअर हवाच. हा बदल सरावाच्या सुरुवातीलाच करा, म्हणजे पायांना त्याची सवय होईल. सीट, शूज आणि शॉर्टही आयत्या वेळी नवीन नकोत.

९. खाणं-पाणी हाही सराव आहे

चढावर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. खजूर, केळी, राजगिऱ्याची वडी, गूळ-शेंगदाणे, उकडलेला मीठ लावलेला बटाटा, जे पचतं ते. भूक लागायची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी एक घास. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, त्यातल्या एका बाटलीत ओआरएस. घाटावरच्या राईडमध्ये हेच पदार्थ खाऊन पाहा. सिंहगडावर पोहोचल्यावरची भजी आणि मडक्यातलं दही जरूर खा, पण ते वर गेल्यावर. चढ त्याच्या भरवशावर काढू नका.

उंचीवर भूक मरते, ही गोष्ट कितीही वाचली तरी प्रत्यक्ष अनुभवल्याशिवाय पटत नाही. समोर गरम मॅगी असते आणि दोन घासांनंतर नको होते. शिवाय थंडीत चॉकलेट आणि एनर्जी बार इतके कडक होतात की दातांनी तुटत नाहीत. हातमोजे काढून वेष्टण फाडायचं, बोटं गार पडेपर्यंत झगडायचं, पुन्हा मोजे घालायचे, यात माणूस कंटाळतो आणि खाणंच टाळतो. घरीच सगळ्याचे एका घासाचे तुकडे करून, वेष्टण काढून, हँडलजवळच्या छोट्या पिशवीत मोकळे ठेवा.

१०. विरळ हवा: इथे फिटनेस कामाला येत नाही

कळसूबाई, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटरचं आहे. म्हणजे तुम्ही कितीही घाट मारा, उंचीची सवय इथे होणार नाही. आणि तंदुरुस्त माणसाला उंचीचा त्रास होत नाही, हा समज धोकादायक आहे. उलट तो जोरात चढतो, लवकर वर पोहोचतो आणि जास्त अडकतो. आमच्या गटातला चढाला सर्वांत दमदार मुलगा सरचूच्या तंबूत रात्रभर डोकं धरून बसला होता. सगळ्यात मागून येणाऱ्या पन्नाशीच्या काकांनी मात्र त्याच संध्याकाळी शांतपणे जेवण केलं.

डॉक्टर मंडळी सांगतात तो नियम असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम वाढवावा. दिवसा वर चढून रात्री खाली झोपलात तर उत्तम. त्यावरून मुक्काम असे ठरवा:

मनाली (२,०५० मी.) – दोन रात्री, एक दिवस सोलंगकडे हलकी राईड.
सिस्सू किंवा केलांग (सुमारे ३,१०० मी.) – एक रात्र.
जिस्पा (सुमारे ३,२०० मी.) – दोन रात्री, मधल्या दिवशी दारच्याच्या पुढे चढून परत.
पत्सेओ (सुमारे ३,८०० मी.) – एक रात्र. इथे वाढ ५०० पेक्षा थोडी जास्त आहे, म्हणूनच आधी जिस्पाला दोन रात्री.
झिंगझिंगबार (सुमारे ४,२७० मी.) – एक रात्र.
बारालाचा ला ओलांडून सरचू (सुमारे ४,२९० मी.) – एक रात्र, थकवा असेल तर दोन.
नकी ला, लाचुंग ला ओलांडून पांग (सुमारे ४,६०० मी.) – फार मोठा दिवस. अंधाराआधी पांग गाठता येणार नसेल तर बॅकअप गाडीत बसा.
मोरे मैदानाच्या टोकाला डेब्रिंग – एक रात्र.
टांगलांग ला ओलांडून रुमत्से किंवा पुढे, मग लेह.

तयार सहलींच्या वेळापत्रकात जिस्पाहून थेट सरचू किंवा झिंगझिंगबार दिसतं. झोपण्याच्या उंचीत एका दिवसात हजार मीटरची उडी. पैसे भरण्याआधी आयोजकांना पत्सेओचा मुक्काम आणि जिस्पाचा जादा दिवस मागा. नाही म्हणाले तर दुसरा आयोजक शोधा.

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, असाधारण थकवा ही त्रासाची सुरुवात. अशी लक्षणं असताना आणखी वर झोपायला जायचं नाही, आहे तिथेच थांबायचं. चोवीस तासांत फरक पडला नाही किंवा वाढलं तर खाली. बसल्या जागी धाप लागणं, सतत खोकला, खोकल्यातून गुलाबी फेस. किंवा बोलण्यात गोंधळ, सरळ रेषेत एका पायाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत चालता न येणं – यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असो, पाऊस असो, ताबडतोब खाली उतरवायचं. त्या माणसाला एकटं सोडायचं नाही आणि सायकलवर बसू द्यायचं नाही. झोपेत श्वास काही क्षण थांबून पुन्हा जोरात सुरू होणं मात्र या उंचीवर अनेकांना होतं, शेजारच्याचं तसं ऐकून दचकू नका. त्यासाठी झोपेची गोळी घेऊ नका, दारूही नको. ऑक्सिमीटर सोबत ठेवा, पण आकड्यापेक्षा माणूस कसा दिसतोय, काय बोलतोय, यावर जास्त विश्वास ठेवा.

११. शेवटचे तीन आठवडे आणि सामान

आता नवीन ताकद येणार नाही. पहिल्या आठवड्यात राईडचा वेळ एक तृतीयांशाने कमी करा, दुसऱ्यात निम्मा, शेवटच्यात फक्त पाय मोकळे करण्यापुरता. सर्दी-खोकल्याच्या माणसापासून लांब राहा, छातीत कफ घेऊन वर जाणं चांगलं नाही. ताप आला असेल तर तिकीट बदला.

सोबत हे असू द्या:

कागदपत्रं: आधार कार्ड आणि झेरॉक्स, डॉक्टरांचं फिटनेस प्रमाणपत्र, औषधांची चिठ्ठी, विमा. विमा पॉलिसीत उंचीची आणि साहसी खेळांची अट काय आहे ते वाचूनच घ्या. खार्दुंग लासाठी परवाना आणि शुल्काचे नियम बदलत असतात, निघण्याच्या आठवड्यात लेह प्रशासनाच्या संकेतस्थळावर पाहा.

फोन: लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं. दारच्यानंतर लांबच्या पट्ट्यात तेही मुकं असतं, घरी तसं सांगून ठेवा.

कपडे: पॅडिंगच्या दोन-तीन शॉर्ट, थर्मल, वारा अडवणारं आणि पाणी न शिरणारं जॅकेट, पूर्ण बोटांचे जाड हातमोजे आणि एक जादा जोड, कानटोपी, गॉगल, सनस्क्रीन, ओठांचं मलम, सीटच्या घर्षणासाठी क्रीम.

हत्यारं: दोन-तीन ट्यूब, पंक्चर किट, हातपंप, टायर लिव्हर, ॲलन की संच, चेन ब्रेकर आणि जोडकडी, जादा ब्रेक पॅड, गिअरची केबल, डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा), चेनचं तेल. विमानाने जाणार असाल तर टायरमध्ये हवा भरायची सीओटू काडतुसं घरीच ठेवा आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत घ्या.

१२. खार्दुंग लाचा दिवस

लेहला पोहोचल्यावर किमान एक पूर्ण दिवस विश्रांती. त्या दिवशी ब्रेक पॅड आणि गिअर तपासा, पोटभर भात-डाळ खा, लवकर झोपा. पहाटे पाच-साडेपाचला निघा. पहिले २४-२५ किलोमीटर साउथ पुल्लूपर्यंत रस्ता चांगला आहे आणि इथेच लोक ताकद उधळतात. या टप्प्यात मुद्दाम एक गिअर हलका ठेवा. साउथ पुल्लूला गरम काहीतरी प्या, खा, थर चढवा. पुढचे चौदा-पंधरा किलोमीटर रस्त्यावर खडी, वितळलेलं पाणी आणि ट्रक-मोटारसायकली यांच्यातून वाट काढायची असते. दर दोन किलोमीटरला पाय टेकवून मिनिटभर थांबलात तरी काही बिघडत नाही. ढकलत चालावं लागलं तरी चालेल.

परतीची वेळ निघण्याआधीच ठरवून सगळ्यांना सांगा. दुपारी एक-दोनपर्यंत माथा आला नाही तर जिथे असाल तिथून वळायचं, कारण दुपारनंतर वारा आणि हवा दोन्ही फिरतात. माथ्यावर फोटो काढा, पंधरा-वीस मिनिटांत उतरायला लागा. उतरण्याआधीच जॅकेट, जाड हातमोजे, कानटोपी सगळं चढवा, गार पडल्यावर नव्हे. दोन्ही ब्रेक आलटून-पालटून वापरा, वळणाआधी वेग कमी करा, बोटं बधिर झाली तर थांबून काखेत धरा आणि ती पुन्हा नीट वळायला लागल्यावरच पुढे निघा.